ठोक्याच्या आत काय लिहिलं होतं

"यावर विश्वास ठेवणारा माणूस मिरजेत अजून जन्मायचाय, हे आधीच सांगून ठेवतो," मी म्हणालो आणि खुर्ची जरा पुढं ओढली. "पण गेलेल्या माणसाला मी एकदा प्रश्न विचारला होता आणि त्यानं उत्तर दिलं होतं. लेखी."

"झालं सुरू," मुमताज म्हणाली.

मुमताज नदाफ म्हणजे माझ्यानंतर आमच्या ब्रेल छापखान्यातला कॉम्प्युटर सांभाळणारी. माझ्यापेक्षा हुशार, आणि ते लपवायची सवय तिला नाही. छापखान्याच्या व्हरांड्यात त्या दिवशी आम्ही सगळे जमलो होतो, कारण वेणूताई आवटींचा निरोपसमारंभ होता. वेणूताई आमच्या मुद्रितशोधक. लहानपणी देवी आल्या त्यात डोळे गेले, आणि पुढं सगळा जन्म बोटांनी पुस्तकं तपासण्यात गेला. आता त्या बेळगावला भाचीकडं राहायला निघाल्या होत्या, कायमच्या. शाल झाली, नारळ झाला, चिटणीसांचं भाषण झालं. उपीट खाऊन लोक चुळबुळायला लागले, तेव्हा वेणूताईच म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही काहीतरी सांगा की. मघापासून सगळे खरं बोलतायत, कंटाळा आला."

"कुठली सांगू? पुरात म्हशीवर बसून कुरुंदवाडला गेलो ती?"

"ठोक्याची सांगा."

मी जरा थबकलो. ठोक्याची गोष्ट मी गावभर सांगितली होती, चहाच्या गाड्यावर, लग्नात, एकदा तर रेल्वेच्या आरक्षणाच्या रांगेत. पण वेणूताईंच्या समोर कधीच नाही. त्या गोष्टीत त्या स्वतः होत्या, आणि त्यांचा मुलगा होता.

"सांगा," त्या पुन्हा म्हणाल्या. शालीची घडी मांडीवर नीट करत बसल्या होत्या. "मलाही ऐकू द्या, तुम्ही कशी सांगता ते."

मग मी सांगितली. ती अशी.

ठोक्या म्हणजे आमचं छपाईयंत्र. परदेशातल्या कुठल्यातरी संस्थेनं वापरून वापरून कंटाळल्यावर आम्हांला दान दिलेलं. ते आलं तेव्हा दारातून आत जाईना. चौकट काढली, तरी जाईना. शेवटी पाच पैलवान लावले—

"मागच्या खेपेला तीन होते," मुमताज म्हणाली.

"दोघं मागून आले. मध्ये बोलू नकोस."

शाईचं यंत्र कागदावर लिहितं, हे कागदाला ठोकायचं. जाड कागद आणि त्यावर सहा-सहा ठिपक्यांचे उठाव. एकदा चालू झालं की पलीकडच्या गल्लीत जे तंबोरे सुरात लावून ठेवलेले असायचे, त्यांचा खर्ज उतरायचा. एक सतारमेकर भांडायला आला होता. आला, पाच मिनिटं उभा राहिला आणि मला विचारतो, "हा ताल कुठला हो?" म्हणून त्याचं नाव बाइंडिंगवाल्यांनी ठोक्या ठेवलं.

पण हा सगळा ठणठणाट पुढचा. आला तेव्हा ठोक्या मुका होता. आमच्या कॉम्प्युटरला त्याची भाषाच येईना. ज्यांनी तो बनवला ती कंपनी बुडालेली. एक वर्ष तो कोपऱ्यात पडून होता आणि आम्ही त्याच्यावर डबे ठेवून जेवत होतो. मग वेणूताईंचा सुहास दिवाळीला घरी आला. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. लहानपणी शाळा सुटली की छापखान्यातच यायचा, फुकट गेलेल्या कागदांवर पालथा पडून अभ्यास करायचा. त्यामुळं आम्हां सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तो आला, डबे बाजूला केले, ठोक्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि मला म्हणाला, "दामूअण्णा, याला बोलायला शिकवू या."

आता इथं जरा समजावून सांगतो, म्हणजे पुढं कुणी अडकायला नको. कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो. इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात, सुहास त्याला गाभा म्हणायचा. मला तो नेहमी लग्नातल्या मोठ्या आचाऱ्यासारखा वाटतो. आचारी सगळं स्वतः करत नाही. जिलबीला एक माणूस बोलावतो, मठ्ठ्याला दुसरा, पुऱ्या तळायला तिसरा. पाहिजे तेव्हा हाक मारायची, काम झालं की जा बाबा घरी. हे बोलावलेले गडी म्हणजे मॉड्यूल. आणि गंमत अशी की आचाऱ्याला कधीही विचारता येतं: आत्ता तुझ्या हाताखाली कोण कोण आहे? कोण कामात गुंतलाय, कोण रिकामा बसलाय? हा गडी कोणाचा, कुठला, कोणाच्या भरवशावर आलाय? आचारी सगळं सांगतो. लपवत नाही.

"हे मात्र बरोबर सांगितलंत," मुमताज म्हणाली.

"लिहून घे."

तर सुहासनं त्या दिवाळीत ठोक्यासाठी असा एक गडी तयार केला. फराळाचं ताट शेजारी, स्वतः जमिनीवर मांडी घालून. गाभ्याच्या आतली चूक म्हणजे साधी चूक नव्हे, आचाऱ्यालाच चक्कर येते. कॉम्प्युटर जागच्या जागी थिजायचा, बंद करून पुन्हा सुरू करायचा, की सुहास एक चकली मोडून तोंडात टाकायचा. चकल्या संपल्या, चिवडा संपला, भाऊबीज झाली, आणि एका दुपारी ठोक्या बोलला. असा बोलला की बाइंडिंगमधला रंगा हातातली सुई टोचून घेऊन ओरडला.

सुहासनं सगळी बाराखडी ठोकून काढली होती. तो कागद त्यानं वेणूताईंच्या हातात दिला. आम्ही सगळे भोवती उभे. वेणूताईंनी बोट फिरवलं, परत मागं आणलं आणि म्हणाल्या, "ल चा तिसरा ठिपका उतरत नाहीये."

सुहास इतका हसला, इतका हसला, की खालीच बसला. "पोरानं डोंगर उचलला तर म्हणतील खाली माती सांडली," म्हणाला. ठिपका दुरुस्त केला. त्या गड्याचं नाव त्यानं 'ठोक्या' असंच ठेवलं.

नंतर त्याला बंगळुरात नोकरी लागली. तिथं कावीळ झाली. वेणूताई पोचायच्या आत गेला. सव्वीस-सत्तावीसचा असेल.

इथं मी जरा थांबलो होतो. व्हरांड्यात वेणूताई शालीच्या काठाचं जरीकाम बोटानं चाचपत होत्या, एखादं पान तपासावं तसं. मी पाणी प्यालो आणि पुढं निघालो.

सुहास गेल्यावर ठोक्या काही बंद पडला नाही. कितीतरी वर्षं चालला. शाळेची पुस्तकं, पंचांगं, एका आजोबांसाठी सगळी ज्ञानेश्वरी. वेणूताई तेराव्यानंतर कामावर आल्या, टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "हं, अण्णा, वाचा."

आमच्या दोघांचं काम जोडीचं होतं. मूळ पुस्तक माझ्या हातात, ठिपक्यांचं पान त्यांच्या बोटाखाली. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी बोटानं ताडून बघायचं. त्या टेबलाचा एक नियम होता. जे आहे ते वाचायचं. स्वल्पविराम आला तर 'स्वल्पविराम' म्हणायचं, ओळ मोडली तर 'नवी ओळ', चूक छापली असेल तर चुकीसकट. मी जगात कुठंही काय वाट्टेल ते बोलत असेन, माझी बायकोसुद्धा माझ्याकडून वेळ विचारून घेतली की रस्त्यावरच्याला परत विचारायची. पण त्या टेबलाशी कधी माझ्या पदरचं अक्षर घातलं नाही. वेणूताई म्हणायच्या, "अण्णांना दोन तोंडं आहेत. एक गप्पांचं, एक वाचायचं. वाचायचं देवानं दिलंय."

मग तो जुना कॉम्प्युटर दमला. पानाच्या मध्येच थिजायचा. आतली डिस्क कण्हायची, अगदी म्हाताऱ्या माणसासारखी. मी एकदा तिच्यावर विक्स चोळलंय—

"अण्णा!"

"बाहेरून चोळलं गं."

त्या वर्षी सातवीच्या मुलांना भूगोलाचं पुस्तक सहामाही झाली तरी मिळालं नाही. मुलांच्या शाळेतून फोन यायला लागले. चिटणीस काही वाईट माणूस नव्हेत, त्यांनी देणग्या गोळा करून नवा कॉम्प्युटर आणि नवं यंत्र आणायचं ठरवलं. कोल्हापूरहून गिरीश शिंत्रे नावाचा इंजिनिअर आला. तरुण, नम्र, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आलेला. मला वाटलं याच्याशी भांडायला मिळेल; पण त्यानं तशी संधीच दिली नाही.

वेणूताई टेबलाशीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, नवं यंत्र आणलंत, बरं झालं. पोरांना पुस्तकं मिळतील. पण जुनंही नव्या कॉम्प्युटरला जोडून द्या. कोपऱ्यात राहील. कधीमधी चालवू."

"आजी, त्याला लागणारं मॉड्यूल कुणी केलं होतं?"

"माझ्या मुलानं."

"मग त्यांना एकदा—"

मी खोकलो. गिरीशनं माझ्याकडं बघितलं आणि त्याला समजलं.

"सोर्स कुठं असेल?" त्यानं मला हळूच विचारलं. म्हणजे सुहासनं मुळात लिहिलेला मजकूर. आमच्याकडं होता तो तयार झालेला गडी, त्याला घडवायची कृती नव्हे. भाजलेली भाकरी हातात आहे, पण तिचं परत पीठ कसं करणार? कृती सुहासच्या लॅपटॉपवर होती, लॅपटॉप बंगळुरात त्याच्या कंपनीकडं जमा झाला होता, आणि तो पुसून कुणाला दिला ते कंपनीलाही सांगता येईना. मी तेव्हाच चौकशी करून दमलो होतो.

"आहे तोच उचलून नव्यात ठेवून बघतो," गिरीश म्हणाला. "पण आधी इथून काढून घ्यावा लागेल." त्यानं जुन्या कॉम्प्युटरवर हुकूम दिला. आचाऱ्या, ठोक्याला घरी पाठव.

आचाऱ्यानं उत्तर दिलं: जमणार नाही, कामात गुंतलाय.

आणि खरंच होतं ते. आत भूगोलाचं शेवटचं प्रकरण चाललं होतं. ठण ठण ठण. वेणूताई म्हणाल्या, "पान होऊ दे की. जेवणाऱ्याला अर्ध्या ताटावरून उठवू नये."

गिरीश थांबला. बूट नव्हते, फरशी गार, तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत गप्प उभा राहिला. पान संपलं. वेणूताईंनी ते फाडून घेतलं, तपासलं, "बरोबर," म्हणाल्या आणि गठ्ठ्यावर ठेवलं.

गिरीशनं मग गड्याला जुन्यात राहू देऊन त्याची नक्कल नव्या कॉम्प्युटरवर नेली. तिथल्या आचाऱ्याला सांगितलं, हा घे. त्यानं एका क्षणात बाहेर ढकलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा बाहेर. गिरीशनं काय काय करून पाहिलं मला माहीत नाही. कपाळाला घाम होता त्याच्या. अखेरीस खुर्ची वळवून तो वेणूताईंच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा.

"आजी, नाही बसत."

"का?"

"प्रत्येक मॉड्यूलच्या अंगावर एक खूण कोरलेली असते, तो कुठल्या गाभ्यासाठी बांधलाय त्याची. हा त्या जुन्याच गाभ्यासाठी बांधलाय. दुसऱ्या कुणाला तो ओळखत नाही, दुसरा कुणी त्याला ओळखत नाही."

"आणि जुना गाभा नव्या कॉम्प्युटरवर?"

"तो उभाच राहत नाही त्यावर. तेही केलं."

वेणूताई मग म्हणाल्या, "खूण कोरलेली असते म्हणालात. आणखी काय कोरलेलं असतं?"

"बरंच असतं. नाव, कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं. लिहिणाऱ्यानं घातलं असेल तर."

"ते वाचता येतं?"

"हो. एक हुकूम आहे. मॉडइन्फो."

"इतकी वर्षं येत होतं?" त्या माझ्या दिशेनं वळल्या. "अण्णा, तुम्हांला ठाऊक होतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी काही सुहास नव्हे, बटणं पाठ करून काम चालवणारा माणूस. तसं सांगितलं.

"कशासाठी लिहिलं तेही असतं?" त्यांनी गिरीशला पुन्हा विचारलं.

"असतं. वर्णन म्हणून एक ओळ असते. त्यात लिहिणारा पाहिजे ते लिहू शकतो. लोक कधी गमतीनं, कधी कुणाची आठवण म्हणूनही लिहितात."

वेणूताई ताठ बसल्या. पदर नीट केला. बंगळुरात पोचायच्या आत तो गेला होता ना. शेवटचं काही बोलणं नाही, निरोप नाही. खोलीवरच्या मुलांनी सामान पाठवलं त्यात कपडे, एक टॉर्च आणि खोबरेल तेलाची बाटली. एवढंच. आणि आता कुणीतरी म्हणत होतं की यंत्राच्या पोटात एक ओळ आहे, तिच्यात त्याला पाहिजे ते लिहिता येत होतं.

"लावा," त्या म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही वाचा. टेबलावर वाचता तसं."

गिरीशनं हुकूम दिला. पडद्यावर थोड्याशा ओळी आल्या, इंग्रजी. मी चष्मा पुसला.

"फाइलचं नाव. अपूर्णविराम. ठोक्या."

"हं."

"नवी ओळ. परवाना. अपूर्णविराम. जीपीएल."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं," गिरीश म्हणाला.

"असाच होता," वेणूताई म्हणाल्या. "मुंजीतली अंगठी मित्राला देऊन आला होता. पुढं?"

"नवी ओळ. लेखक. अपूर्णविराम. सुहास आवटी."

"अक्षरं?"

मी एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. त्या प्रत्येक अक्षरावर मान हलवत होत्या. टेबलावर त्यांचं बोट आपोआप सरकत होतं, जणू समोर पान आहे.

"नवी ओळ," मी म्हणालो. "अवलंबून. अपूर्णविराम. पुढं काही नाही."

"कुणावर अवलंबून नाही?"

"नाही. त्याला दुसऱ्या कुठल्या मॉड्यूलची मदत लागत नाही," गिरीशनं सांगितलं.

"खोटं आहे ते," वेणूताई हसल्या. "मोजे सापडायचे नाहीत त्याला सकाळी." मग हसणं तिथंच मोडून म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही एक ओळ गाळलीत."

"कुठं?"

"लेखक आणि अवलंबून यांच्या मध्ये. तुमचा श्वास अडला तिथं. वर्णन राहिलं."

"म्हणजे डोळे नसताना—" व्हरांड्यातून कुणीतरी म्हणालं.

"डोळे नसतानाच," मी म्हणालो.

गाळली होती मी. का, ते विचारू नका. पडद्यावर बघितलं, चष्म्यात धुकं आलं आणि नजर खाली घसरली. गिरीश माझ्याकडं बघत होता. मग तो खिडकीकडं बघायला लागला. बाहेर काही नव्हतं, एक रिकामी सायकल होती.

मी घसा साफ केला आणि वाचलं. टेबलावर वाचतो तसंच, त्याच आवाजात.

"नवी ओळ. वर्णन. अपूर्णविराम. आई. स्वल्पविराम. हे तुझ्या बोटांसाठी. पूर्णविराम."

"मराठीत?" मुमताजनं विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता.

"मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. तुम्ही पोरं मोबाइलवर लिहिता तसं."



वेणूताईंनी तेव्हा काय केलं, ते सांगतो. बोट टेबलावर थांबलं. "पुन्हा वाचा," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं, विरामांसकट. त्या "बरं" म्हणाल्या. पुस्तकातली एखादी ओळ बरोबर निघाली की म्हणायच्या तसंच, "बरं." मग उठल्या, भिंतीला हात लावत ठोक्याजवळ गेल्या आणि त्याच्या झाकणावरची धूळ पदरानं पुसली. दुसऱ्या दिवशी भंगारवाला यायचा होता. भंगारात जाणाऱ्या यंत्राची कुणी धूळ पुसतं का? त्यांनी पुसली. आतली, खाचांमधली, मागच्या बाजूची सगळी.

आणि आता तो भाग येतो ज्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. गिरीशनं तार उपटली. ठोक्याची वीज काढली. सुहासच्या गड्याला जुन्या आचाऱ्याकडून रजा दिली, आणि आचाऱ्याला विचारलं, आता हाताखाली कोण कोण आहे? यादी आली. ठोक्या नव्हता तीत. गिरीश म्हणाला, "गेला." आणि तो 'गेला' म्हणायला आणि तिकडं कोपऱ्यात, वीज नाही, तार नाही, कागद नाही, अशा त्या यंत्रानं एक ठोका दिला. एकच. ठण्‌.

"अण्णाऽऽ!" मुमताज किंचाळली. व्हरांडाभर हशा झाला. रंगा, तोच सुई टोचून घेतलेला, आता त्याचेही केस पिकलेत, तो टाळी देऊन म्हणाला, "वीज नसताना? मग माझ्या घरी लाइट गेल्यावर मिक्सर का नाही चालत?" चिटणीससुद्धा रुमाल तोंडाला लावून हसत होते. मी छाती पुढं काढून बसलो होतो. पकडायचं तर हेच पकडा, म्हणूनच तर तो ठोका मी दरवेळी शेवटी ठेवतो. लोक त्याच्यावर तुटून पडतात आणि गोष्ट सुखरूप घरी जाते.

"विचारा वेणूताईंना," मी म्हणालो. "त्या तिथंच उभ्या होत्या. झाकणावर हात होता त्यांचा. विचारा, ठोका वाजला की नाही!"

सगळे त्यांच्याकडं वळले. वेणूताई हसत नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या. हसणं ओसरेपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"ठोका वाजला असेल," त्या म्हणाल्या. "यंत्र गार होताना पत्रा वाजतो. त्याला मी नाही म्हणत नाही. पण अण्णा, ती ओळ खोटी आहे."

"कुठली?" मी म्हणालो. मला माहीत होतं कुठली.

"सुहास मला आयुष्यात कधी आई म्हणाला नाही. आमच्या घरात पाच दीर. सगळे मला वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकत ऐकत तो बोलायला शिकला. तोही वहिनीच म्हणायचा. मोठा झाल्यावर मीच एकदा म्हटलं, आता तरी आई म्हण रे, तर म्हणाला, जीभ वळत नाही. छापखान्यात लाजेनं हाकच मारायचा नाही, नुसता माझ्या हाताला हात लावायचा; तुम्ही कधी घरी आला नाहीत, तुम्हांला कसं ठाऊक असणार? पहिल्या शब्दालाच मला कळलं होतं."

कुणीतरी चहाचे कप गोळा करत होतं, ते थांबलं.

"तेव्हा बोलले नाही. घरी जाऊन विचार केला, एवढा शब्द अण्णांनी घातला असेल, पुढचं खरं असेल. मग वाटलं, पुढचंही घातलं असेल. मग वाटलं, दुसरंच काहीतरी असेल, मला सांगण्यासारखं नसेल म्हणून बदललं असेल. कधी हे, कधी ते. विचारलं असतं तर सांगितलं असतंत तुम्ही, म्हणून विचारलं नाही." त्यांनी शाल बाजूला ठेवली आणि माझा हात शोधला, सापडला तो घट्ट धरला. "उद्या सकाळची गाडी आहे माझी. मुमताज, रंगा, सगळ्यांच्या समोर विचारते, म्हणजे तुम्हांला दुसरी गोष्ट रचता यायची नाही. वर्णनापुढं काहीच नव्हतं ना, अण्णा?"